सुमनताईंचा उजवा हात

सुमनताई पगारे फोन उचलायच्या, रिसीव्हर कानाला लावायच्या, डोळे मिटून क्षणभर ऐकायच्या आणि कोणालाही फोन न लावता ठेवून द्यायच्या. मग मांडीवरच्या गिटारची तिसरी तार छेडायच्या, खुंटी किंचित पिळायच्या आणि स्वतःशीच मान हलवायच्या. त्या एका तारेवरून बाकीच्या पाच जुळायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा हा प्रकार पाहून मला वाटलं, फोन बिघडला असावा. मी काळजीने विचारलं, "ताई, डेड झालाय का?"

त्यांनी हसून रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "ऐक. हा घुंऽ आवाज येतो ना, तो उन्हाळ्यात, थंडीत, लाइट गेलेली असताना, एकसारखाच असतो. गिटारचं तसं नाही. ती सकाळी एक बोलते, संध्याकाळी दुसरंच. म्हणून रोज तिला हा ऐकवायचा आणि म्हणायचं, याच्यासारखी बोल."

सुमनताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावचा फोन लावायचा तर तो ऑपरेटरकडे नोंदवून वाट बघत बसावं लागे, त्या काळापासूनच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी अकरावीत असताना, त्यांचं वय चाळिशीच्या पुढे गेलेलं होतं. जेल रोडच्या बाजूला बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अंगणात शेवंतीच्या कुंड्या, दारात कडुनिंब, आणि आत भिंतीला टेकवून ठेवलेली, पोटावरचं पॉलिश उडालेली गिटार. नाशिकरोडला तेव्हा गिटार वाजवायची ती कॉलेजातल्या पोरांनी, तीही गॅदरिंगच्या आधी महिनाभर. साडी नेसलेली, केसांत गजरा माळलेली बाई गिटार मांडीवर घेऊन बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

माझा भाऊ पुण्याला शिकायला गेला आणि त्याची गिटार घरी राहिली, म्हणून मला ती शिकायची हुक्की आली. वडिलांच्या ऑफिसातल्या कोणीतरी पगारेबाईंचं नाव सांगितलं. आमच्या गल्लीतल्या एक-दोघींनी आईला विचारलं, "पोरीला तिकडे कशाला पाठवता?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गिटार तिकडे आहे म्हणून."

भावाच्या गिटारच्या तारांमध्ये प्लॅस्टिकचं एक तिकोनी पिक, म्हणजे तारा छेडायची टिकली, खोचलेलं होतं. पहिल्या दिवशी मी ते मोठ्या ऐटीत चिमटीत धरून बसले. सुमनताईंनी हात पुढे केला. मी पिक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

"हे वाईट नाही हं," त्या म्हणाल्या. "मला येत नाही, म्हणून मी शिकवत नाही. मला बोटांनीच येतं. चालेल का तुला?"

इतक्या सरळपणे 'मला येत नाही' म्हणणारी शिक्षिका मी तोवर पाहिली नव्हती. मी चालेल म्हटलं.

मग त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट तारेवर नेऊन ठेवलं. अंगठा वरच्या जाड तारांवर. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका खालच्या बारीक तारांवर, एकेकीला एकेक तार नेमून दिलेली. "अंगठा घरातला मोठा माणूस. तो सावकाश चालणार. या तिघी बहिणी. या बडबड करणार, पण मोठ्या माणसाचं बोलणं तोडणार नाहीत." कितीतरी दिवस मी फक्त एवढंच केलं. अंगठा, मग एकेक बहीण. डावा हात गिटारच्या मानेवर नुसता ठेवलेला. मला गाणं वाजवायचं होतं आणि ताई मला तारांची ओळख करून देत होत्या. माझं बोट चुकून भलत्या तारेवर पडलं की आतून, कणीक मळता मळता, त्यांचा आवाज यायचा, "क्रॉस कनेक्शन झालं."

एक्स्चेंजची भाषा त्यांच्या शिकवण्यात अशी मुरलेली होती. मी चुकले की थांबायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचे. त्यांना ते अजिबात खपायचं नाही. "लाइन तोडायची नाही, मेधा. खरखर आली तरी माणूस पलीकडे आहे ना? बोलत राहायचं." आणि मी वाजवायच्या नादात त्यांनी दिलेला ठेका ऐकलाच नाही, तर म्हणायच्या, "नुसती बोलू नकोस. होल्ड कर, पलीकडचं ऐक." पुढे डावा हात मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, पडद्यांवर, तारा दाबू लागला आणि बोटांची टोकं सोलवटली. मी ती फुंकत बसले तेव्हा त्यांनी आपला डावा हात उघडून दाखवला. चारही बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले होते. "दुखणारच. बोटांना नवीन घरात आणलंय तू. रुळतील."

त्या स्वतः वाजवायच्या ते ऐकताना मला दर वेळी तोच प्रश्न पडायचा, दुसरं कोण वाजवतंय? अंगठा जाड तारांवर संथ चालत असायचा आणि त्याच्या वरून बारीक तारांची चाल निघायची, जशी एखादी बाई चालता चालता कोणाशी तरी बोलत जाते. एका हातातून दोन माणसं ऐकू यायची. मी त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून बघायचे. बोटं हललेली दिसायचीच नाहीत. मनगट स्थिर, आणि त्याच्याखाली काहीतरी घडतंय एवढंच कळायचं.

त्यांचं माहेर निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातलं. आईवडील दुसऱ्यांच्या मळ्यात कामाला जायचे. सुमनताई मॅट्रिक झाल्या आणि एक्स्चेंजमध्ये लागल्या. तिथे फिलोमिना नावाची देवळालीकडची एक ऑपरेटर होती. ती गिटार घेऊन ड्यूटीवर यायची आणि जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत वाजवायची. ताई सांगायच्या, "मी डबा उघडून बसायचे आणि खायचं विसरायचे. एकदा तिने विचारलं, हात लावून बघायचाय का? मी तार ओढली. ती थरथरली ना, ती मला इथं कळली." हे सांगताना त्या तळहात बरगड्यांवर ठेवायच्या. गिटार अंगाला टेकलेली असते, तिचा सूर आधी हाडांना कळतो, हे मला त्यांच्या त्या हातामुळे समजलं. फिलोमिना लग्न होऊन गोव्याला गेली तेव्हा गिटार मागे ठेवून गेली. भिंतीला टेकलेली ती हीच.

नवरा पेठ तालुक्यातल्या शाळेवर शिक्षक होता. त्यांना सगळे पगारे गुरुजी म्हणत. शनिवारी दुपारच्या गाडीने ते घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. उंच, अबोल माणूस. ताई वाजवायला बसल्या की गुरुजी स्वतः चहा करायचे आणि आवाज होऊ नये म्हणून कप बशीत न ठेवता हातात धरून आणायचे. मूलबाळ नव्हतं. वर्षातून काही दिवस ताईंच्या सासूबाई गावाहून येत. एकदा त्यांनी आमचं 'पिक की बोटं' असं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कोन्तं पीक म्हनतीस गं सुमन? द्राक्षं का ऊस?" ताईंनी कट्ट्यावरचं प्लॅस्टिकचं पिक त्यांच्या हातात दिलं. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेलं आणि परत दिलं. "याच्यात काय पिकायचं नाय," त्या म्हणाल्या.

दर बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी वस्तीतल्या विहारात ताई वाजवायच्या. मी पहिल्यांदा गेले ते वर्ष मला स्पष्ट आठवतं. विहारासमोर मांडव घातला होता, माणसं दाटीवाटीने बसली होती, पोरं इकडून तिकडे पळत होती. पांढरी साडी नेसलेल्या ताई लोखंडी खुर्चीवर बसल्या. कोणीतरी माइक खाली करून गिटारच्या पोटाशी आणला. त्यांनी नेहमीच्या वंदनेची चाल सुरू केली. अंगठ्याने एक संथ, खोल सूर धरलेला आणि वर ती चाल. हळूहळू मांडवातलं बोलणं थांबलं. पळणारी पोरंसुद्धा आपापल्या आयांना चिकटून उभी राहिली. संपल्यावर काही वेळ कोणी टाळीही वाजवली नाही. मला तेव्हा वाटलं होतं, आपण यांच्याकडे शिकतोय हे खरं, पण हे आपल्याला कधीच येणार नाही. त्या वाटण्यात दुःख नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर डोंगराचं जसं दुःख होत नाही, तसं.

कॉलेज संपलं, मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले आणि लग्नाच्या रिसेप्शनमध्ये गाणाऱ्या एका ग्रुपमध्ये हौसेने जाऊ लागले. तिथे ढोलकी, कीबोर्ड आणि पन्नास पाहुण्यांच्या गलक्यात बोटांचं नाजूक वाजवणं ऐकू जायचं नाही. मी पिक शिकले. पहिल्याच दिवशी कीबोर्डवाला म्हणाला, "मॅडम, तुमची गिटार थोडी चढी लागलीय." ती टेलिफोनवरून लावलेली आहे हे मी त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

मी ताईंना हे सगळं सांगायला गेले तेव्हा जरा बिचकतच गेले होते. त्यांनी मला पिकने वाजवायला लावलं आणि लक्ष देऊन ऐकलं. "मनगटाचा झोका छान आहे तुझा," त्या म्हणाल्या. "सुपात धान्य पाखडावं तसा. मला नाही यायचं हे." त्यांच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती. पुढे त्या मला अधूनमधून तसं वाजवायला सांगायच्या आणि चहा घेत ऐकायच्या.

एक्स्चेंजमध्ये यंत्रं बदलली. लोक स्वतःच थेट परगावी फोन लावू लागले आणि ताई खिडकीवर तक्रारी घ्यायला बसू लागल्या. घरी मात्र शिकणाऱ्या मुली वाढल्या होत्या. सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका जानेवारीत, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, न्हाणीघराची खिडकी घट्ट बसेना म्हणून ताईंनी तळहाताने जोर दिला. काच फुटली आणि हात तिच्या आरपार गेला. उजवा हात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या मुळाशी खोल कापलं.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. हात कोपरापर्यंत पांढरा गुंडाळलेला. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अंगठा आणि तर्जनी वाचली बघ." नंतर कित्येक महिने त्या व्यायामाला जात राहिल्या. कोमट पाण्यात हात बुडवायचा, रबरी चेंडू दाबायचा, एकेक बोट दुसऱ्या हाताने वाकवायचं. एवढं करून मधलं बोट आणि अनामिका अर्धवट वाकून थांबली, करंगळी हललीच नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हाताने घरातली कामं होतील, लिहिता येईल, पण ही बोटं आता स्वतंत्रपणे चालणार नाहीत. ताईंनी विचारलं, "आणखी व्यायाम केला तर?" डॉक्टर प्रामाणिक होते. ते नाही म्हणाले.

शिकवणी बंद झाली. गिटारवर खोळ चढली आणि ती कपाटावर गेली. मी रविवारी भेटायला जायचे तेव्हा त्या मला जेवायला वाढायच्या, पतसंस्थेतल्या गमती विचारायच्या, आणि गिटारचं नाव आलं की उठून काहीतरी आणायला आत जायच्या. एकदा गुरुजी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. वाटेत ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "फोन वाजला तर मीच घेतो. ती रिसीव्हर कानाला लावत नाही हल्ली." आणि थोडं चालून झाल्यावर, "मी शनिवारी येतो तेव्हा घर फार गप्प असतं, मेधा. पूर्वी गल्लीत वळलो की कळायचं, ती घरी आहे."

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला ताई विहारात गेल्या, पण मागे बायकांमध्ये बसल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी माझ्या दाराशी रिक्षा थांबली. ताई उतरल्या. रिक्षावाल्याने मागून गिटार काढून दिली. मी धावत गेले. त्या आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मेधा, मला पिक शिकवशील का? सुरुवातीपासून. मला यातलं काही येत नाही असं धरून."

मला हसावं की रडावं ते कळेना. ज्या बाईने माझी बोटं धरून तारेवर ठेवली, तिला मी काय शिकवणार? मी म्हटलं, "ताई, तुम्हाला मी शिकवायचं?"

"मग कोण शिकवणार? तुला येतं, मला येत नाही. एवढंच आहे ते."

आणि त्या खरोखरच शिकायला बसल्या. मी पिक त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ठेवलं. ताकद कमी, म्हणून ते फिरायचं, घसरायचं. दोनदा तर गिटारच्या पोटात पडलं. गिटार उलटी करून, हलवून हलवून ते बाहेर काढताना आम्ही दोघी घामाघूम झालो. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा ताईंना हसू आवरेना. अपघातानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण ते हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं. पहिले काही आठवडे मी त्यांच्या चुकांकडे काणाडोळा करायचे. पिक तारेत अडकलं, भलतीच तार वाजली, तरी मी "छान, छान" म्हणायचे. एके दिवशी त्यांनी हात थांबवला. "मेधा, तू खोटं बोलतेस. मी तुला कधी खोटं छान म्हटलं होतं का? चुकले की सांग. तू गप्प बसलीस तर मी शिकणार कशी?" त्या दिवसापासून मी सांगू लागले. मनगट सैल सोडा. पिक इतकं आत नको. वरून खाली आणि खालून वर, दोन्ही सारखं हवं. त्या मान डोलवायच्या आणि सांगितलेलं करून बघायच्या. पुन्हा, आणि पुन्हा.

सगळ्यात अवघड होतं ते मनाला जुन्या वाटेवरून वळवणं. बारीक तारेचा सूर हवा असला की त्यांची मेलेली बोटं आपसूक पुढे व्हायची. जायचीही नाहीत पुरती, नुसती थरथरायची. मला ते बघवायचं नाही. एकदा त्यांनी पिक खाली ठेवलं, हात पदराखाली घेतला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मन अजून सगळ्या बोटांचं आहे गं. हात दोनच बोटांचा." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी जवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने त्या गिटार खोळीत घालून निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला रिक्षा दाराशी थांबली.

पिकने चाल वाजवताना एका वेळी एकच तार छेडता येते. अंगठ्याची ती संथ चाल आणि वरचं बोलणं, दोन्ही एकत्र आता शक्य नव्हतं. ताईंनी आपल्या सगळ्या चाली एकेक करून समोर घेतल्या आणि त्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवू लागल्या. घर बदलताना माणूस सामान निवडतो तसं. "पूर्वी मी दोघी होते," त्या एकदा म्हणाल्या, "आता एकटी आहे. एकटीने काय बोलायचं ते शिकतेय." वंदनेची चाल त्यांनी इतकी साधी करून घेतली की गिटार नुकतीच हातात घेतलेल्या मुलीलाही ती वाजवता आली असती. पण त्यातला एकेक सूर त्या पुन्हा पुन्हा तासत राहिल्या. किती जोरात, किती हलका, कुठे पिक तारेवर नुसतं टेकवायचं. आम्ही ज्याला सोपं म्हणून सोडून देतो त्यात इतकं करण्यासारखं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शिकवत मी होते, पण रविवार संपला की नवीन काहीतरी कळलेलं असायचं ते मला.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला त्या पुन्हा लोखंडी खुर्चीवर बसल्या. तीच पांढरी साडी, तोच मांडव. मी पहिल्या रांगेत गुरुजींच्या शेजारी होते. वस्तीत सगळ्यांना अपघाताची गोष्ट माहीत होती, त्यामुळे या खेपेला त्या वाजवायला लागण्याआधीच सगळे गप्प झाले. ताईंनी सुरुवात केली. एकच सूर, मग दुसरा. चार-पाच ओळी झाल्या असतील आणि पिक त्यांच्या चिमटीतून निसटून खाली पडलं. मी अर्धवट उठले. गुरुजींनी माझ्या हातावर हात ठेवून मला बसवलं.

ताईंनी खाली पाहिलंसुद्धा नाही. डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात त्यांनी दुसरं पिक खोचून ठेवलेलं होतं. ते काढलं, चिमटीत नीट धरलं आणि जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे वाजवू लागल्या.

आणि मग मांडवात एक वेगळीच गोष्ट घडली. मागे बसलेल्या बायकांमधून कोणीतरी त्या चालीबरोबर गुणगुणू लागलं. मग शेजारची. मग आणखी काही जणी. बघता बघता सगळा मांडव हलक्या आवाजात म्हणू लागला. ताई आधी चपापल्या, मग त्यांनी वाजवण्याची गती किंचित कमी केली आणि लोकांच्या श्वासाला जागा दिली. इतकी वर्षं त्या वाजवत होत्या आणि लोक ऐकत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा लोक त्यांच्याबरोबर म्हणत होते. शेजारी गुरुजी, जन्मात कधी न गाणारे, ओठ हलवत होते.

संपल्यावर ताईंच्या सासूबाई, आता पार वाकलेल्या, काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी सुनेचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सुमन, औंदा लय सोपं वाजवलं तू," त्या म्हणाल्या. "आधी तू वाजवायची तं आम्ही नुसतं बघत राहायचो. आज मला बी म्हनता आलं."

ताईंनी वाकून म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. आता दाराशी येणाऱ्या प्रत्येकीला त्या विचारायच्या, "पिक की बोटं?" आणि ती जे म्हणेल त्यापासून सुरुवात करायच्या. बोटांचं त्या तोंडाने सांगून शिकवायच्या, माझ्याकडून एखादी गोष्ट दाखवून घ्यायच्या. अशीच काही वर्षं गेली. गुरुजी निवृत्त होऊन कायमचे घरी आले.

ताईंच्या शेवटच्या वर्षी मी एका सकाळी न कळवता गेले तर ताई गिटार उलटी धरून बसलेल्या. मान उजव्या हाताकडे, पोट डावीकडे. तारा काढून त्यांनी उलट्या क्रमाने चढवून घेतल्या होत्या. डाव्या हाताची चार धडधाकट बोटं, जी जन्मभर पडदे दाबत आली होती, ती आता तारा छेडत होती, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी मानेवर सरकत जमेल ती तार दाबत होती. आवाज अगदी कच्चा होता. पहिल्या आठवड्यातल्या मुलीचा असतो तसा.

मी दारातच उभी राहिले. "ताई, हे काय?"

"अगं, डाव्याला बोटं आहेत की सगळी. मला आधी सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. साठीच्या उंबरठ्यावरची ती बाई चोरी पकडल्यासारखी लाजली होती. "अंगठा आणि बहिणी पुन्हा एकत्र नांदतात का ते बघायचंय. तू ऐकायला येऊ नकोस इतक्यात. आत्ता कुठे तारांची ओळख चाललीय."

मी म्हटलं, वेळ लागेल. त्या म्हणाल्या, "लागू दे ना."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी बाजारातून येताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दोन दिवसांनी मी गुरुजींना भेटायला गेले. घरात पाहुणे होते. ते मला बाहेर कडुनिंबाखाली घेऊन आले. मी विचारलं, सकाळी काही त्रास होत होता का त्यांना?

गुरुजी म्हणाले, "नाही. सकाळी नेहमीसारखी वाजवत बसली होती. मी चहा करून हाक मारली, तर म्हणाली, आत्ता नका बोलवू, आत्ताच कुठे अंगठा आणि बोट एकत्र पडायला लागलंय. मी कप तसाच शेजारी ठेवला. मग बराच वेळ वाजवत होती. नंतर उठली. चहा पार गार झाला होता. मी म्हटलं, दुसरा टाकतो. तर नको म्हणाली. उभ्या उभ्या तोच पिऊन टाकला. फार खुशीत होती."